स्विफ्ट विकून स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस घ्यायचा विचार आहे, मेंटेनन्स झेपेल का?

कासारवडवली_ते_ऐरोली

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला. सध्या २०१५ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, मॅन्युअल, एमएच ०४. त्याआधी बाबांची ८०० होती, म्हणजे आमच्या घरात मारुती सोडून दुसरी गाडी कधी आलीच नाही आणि सर्व्हिसिंगचा खर्च हा विषय कधी डोक्यात पण आला नाही, दरवर्षी गाडी नेऊन सोडायची, संध्याकाळी बिल भरून घेऊन यायची, संपलं.

आता डावा गुडघा कुरकुरतोय त्यामुळे ऑटोमॅटिक हवीच. कापूरबावडी आणि विटावा या दोन ठिकाणी क्लच दाबून दाबून जीव जातो. गेल्या रविवारी १.० टीएसआय (१ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) ऑटोमॅटिकची टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि खरं सांगतो, परत येऊन स्विफ्टमध्ये बसावंसं वाटेना. दरवाजा लावल्याचा आवाजच वेगळा.

पण ज्याला सांगतोय तो घाबरवतोय. सासरे म्हणाले जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती, दारात उभा छान दिसतो. ऑफिसमधला एक म्हणाला वॉरंटी संपली की विकून टाक नाहीतर घर विकायला लागेल. बायकोचं म्हणणं एवढंच की सेफ्टी रेटिंग चांगलं पाहिजे, बाकी तू बघ.

वापर साधारण वर्षाला १०,००० किमी, जास्त करून ट्रॅफिकमध्ये, आणि वर्षातून दोनतीनदा गावी दापोलीला. गाडी ७-८ वर्षं तरी ठेवणार. बजेट ऑन रोड १५ च्या आसपास, ताणून १६. मला नेमकं हे विचारायचंय की ब्रँड बदलला की खर्चात फरक कुठे कुठे पडतो, कारण शोरूमवाला फक्त सर्व्हिसचं पॅकेज दाखवतो आणि म्हणतो बघा किती स्वस्त.

बाळकुमचा_बाळ्या

ब्रेझा घे. झोप लागेल रात्री.

खारघर_हिशेबी

बाळ्या, नेहमीचं उत्तर दिलंस 😄

भाऊ, मी सांगतो ते जरा लांबेल पण वाच. आपल्याकडे मेंटेनन्स म्हटलं की सगळे सर्व्हिसचं बिल धरून बसतात आणि तिथेच गंमत होते. तुझ्या १०,००० किमीच्या वापरात सर्व्हिस वर्षातून एकदाच येणार. मारुतीचं इंटरव्हल १०,००० किमी किंवा १ वर्ष, स्कोडा-फोक्सवॅगनचं १५,००० किमी किंवा १ वर्ष. शोरूमवाला तुला १५,००० चं कौतुक सांगेल पण तुझं वर्ष आधी भरणार, म्हणजे त्या जादा ५,००० चा तुला काडीचा उपयोग नाही. रोज पुण्याला जाणाऱ्याला तो फायदा. तरी समजा दरवर्षी सर्व्हिसला ५-६ हजार जास्त लागले, एखाद्या मोठ्या सर्व्हिसला त्याहून थोडे जास्त. बरं, आता पेट्रोल बघ. स्विफ्ट मॅन्युअल तुझ्या रूटवर समजा १४ देते. टर्बो ऑटोमॅटिक घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये १०-११ देईल, हायवेला मस्त देते हा भाग वेगळा पण तू हायवेला किती जातोस? १०,००० किमीला १४ च्या हिशेबाने ७१४ लिटर, साडेदहाच्या हिशेबाने ९५२ लिटर. १०४ रुपये लिटर धर. ७४ हजार विरुद्ध ९९ हजार. म्हणजे वर्षाला २५ हजारांचा फरक नुसत्या पेट्रोलचा, आणि सासरेबुवा घाबरवतायत सर्व्हिसच्या ६ हजारांवरून!

यातला काही भाग ऑटोमॅटिकमुळे आणि काही मोठ्या गाडीमुळे आहे, सगळं पाप ब्रँडच्या माथी मारू नकोस. ब्रेझा ऑटोमॅटिक घेतलीस तरी स्विफ्टचं मायलेज विसरावं लागेल.

दुसरं म्हणजे रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के. १४ लाखांची सेडान घेतलीस तर १,६८,००० टॅक्स, साडेनऊ लाखांची घेतलीस तर १,०४,५००. हे पैसे गाडी विकताना कोणी परत देत नाही. ऑन रोडच्या आकड्यात ते लपून जातात म्हणून कळत नाहीत.

इन्शुरन्सची मात्र एक मजा आहे जी शोरूमवाले सांगत नाहीत. थर्ड पार्टीचा प्रीमियम सीसीवर ठरतो, किमतीवर नाही. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४, १००० ते १५०० मध्ये ३,४१६. तुझी स्विफ्ट ११९७ सीसी, म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये. १.० टीएसआय ९९९ सीसी, खालच्या स्लॅबमध्ये! नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते (२०१८ पासून), ती छोट्या इंजिनाला ६,५२१ आणि वरच्याला १०,६४०. म्हणजे मोठी गाडी घेऊन थर्ड पार्टी स्वस्त. अर्थात ओन डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) भाग गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीवर ठरतो, तिथे १४ लाखांची गाडी स्विफ्टच्या दुप्पट तिप्पट खेचणारच, त्यात झिरो डेप घातलं की अजून.

आणि एनसीबी (नो क्लेम बोनस, प्रीमियममधली सूट) किती आहे तुझा? गेली पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के झाला असेल. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ब्रँड बदल, इन्शुरन्स कंपनी बदल, तो तुझ्याबरोबर येतो. शोरूमचं कोटेशन बहुतेक वेळा एनसीबी न धरताच बनवतात.

कासारवडवली_ते_ऐरोली

बापरे, पेट्रोलचा हिशेब असा मांडून कधी बघितलाच नव्हता. एनसीबी ५० टक्केच आहे, एक पण क्लेम नाही. पण स्विफ्ट आधी विकली आणि नवी गाडी महिन्याभराने आली तर तो एनसीबी बुडतो का?

खारघर_हिशेबी

नाही बुडत. गाडी विकल्याचा पुरावा देऊन इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबी रिटेन्शन लेटर घे, ते ३ वर्षं चालतं. फक्त विकल्यावर ट्रान्सफर नीट झालंय का बघ, फॉर्म २९-३० वर सही करून एजंटच्या हातात देऊन मोकळा होऊ नकोस. आणि तुझी गाडी २०१५ ची म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावून घेतली नसशील तर आधी ते कर, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागतेच.

वागळे_इस्टेट_पाना१०

मी मल्टिब्रँड गॅरेजला काम करतो, दोन्ही प्रकारच्या गाड्या रोज हाताखालून जातात. दोन्ही बाजूचं सांगतो.

हिशेबी साहेबांचं गणित बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट सुटली. सर्व्हिसिंग कधीच महाग नसतं हो. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, झालंच तर ब्रेक क्लीनिंग, यात जर्मन काय आणि जपानी काय, फरक हजारांत. खरा फरक पडतो तो मोडल्यावर. मारुतीचा लोअर आर्म गेला तर ठाण्यात कुठल्याही दुकानात ओरिजिनल पण मिळतो, दुसऱ्या कंपनीचा पण मिळतो, जुन्या बाजाराचा हवा असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतो. म्हणजे एकाच पार्टला तीन भाव. दुसऱ्या ब्रँडला बऱ्याच पार्टना एकच भाव, तो शोरूमचा, आणि तो पण ऑर्डर टाकल्यावर. त्यातल्या त्यात स्लाव्हिया-व्हर्टस-कुशाक-टायगुन या चौघी एकाच प्लॅटफॉर्मवर, चाकणला बनतात, त्यामुळे आता फिल्टर, ब्रेक पॅड, बुश असलं सामान बॉश, माले, व्हॅलिओ यांचं बाहेर मिळायला लागलंय. १५ वर्षांपूर्वीच्या लॉरा-ऑक्टेव्हियाच्या काळातल्या गोष्टी ऐकून लोक अजून घाबरतात, तेव्हा बरंच सामान बाहेरून यायचं, आता तसं नाही.

आता इंजिन. मारुतीच्या के सिरीजला टायमिंग चेन आहे. १.० टीएसआयला बेल्ट आहे. बेल्ट वाईट नाही पण तो बघावा लागतो, मॅन्युअलमध्ये दिलंय त्या किमीला तपासायचा आणि बदलायचा, कंटाळा केला आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडायची वेळ येते. तुम्ही ७-८ वर्षं ठेवणार म्हणता तर एवढं लक्षात ठेवा. दुसरं, डायरेक्ट इंजेक्शन टर्बो आहे, ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच. स्विफ्टमध्ये कोणी साधं ऑइल ओतलं तरी ती गुमान चालते, ही नाही चालणार. आणि तुमचा वापर ट्रॅफिकमधला आहे, मीटर १०,००० दाखवेल पण इंजिन तेवढ्याच किमीत खूप जास्त तास चाललेलं असतं, त्यामुळे वर्ष भरलं की ऑइल बदलायचंच, १५,००० ची वाट बघत बसायचं नाही.

गिअरबॉक्सचं नीट समजून घ्या कारण इथे सगळे गोंधळ करतात. लोक ज्याला डीएसजी म्हणून घाबरतात तो ७ स्पीडचा ड्राय क्लचवाला, तो १.५ टीएसआयबरोबर येतो. त्यात आत दोन कोरडे क्लच असतात आणि बंपर टू बंपर मध्ये गाडी इंच इंच सरकवत राहिलात की ते घासतात, तापतात. १.० ला तो नाहीच. १.० टीएसआय ऑटोमॅटिकला ६ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो आयसिन कंपनीचा, म्हणजे जपानीच. ट्रॅफिकमध्ये हाच बरा. थोडा जुन्या पद्धतीचा आहे, पेट्रोल जरा जास्त पितो, पण ऑइलमध्ये फिरतो त्यामुळे रांगेत सरकायला त्याला काही वाटत नाही. कंपनी काही म्हणो, ७-८ वर्षं ठेवायची तर ५०-६० हजार किमीला गिअर ऑइल बदलून घ्या. तुमच्या रूटला १.५ डीएसजी मी तरी सुचवणार नाही, गाडी कितीही भारी असली तरी.

आणि वॉरंटी असेपर्यंत बाहेर काम करू नका. डॅशकॅम लावताना वायर कापायची नाही, कपलरवाला किट लावा. हे मी माझ्याच धंद्याच्या विरुद्ध बोलतोय 🙏

नेरूळकर_ताई

मी चार वर्षांपूर्वी मारुतीतून दुसऱ्या ब्रँडमध्ये गेले. कुठल्या ते नाही लिहीत, कारण मग मूळ विषय बाजूला राहतो आणि त्या ब्रँडवाले येऊन भांडत बसतात.

सगळे पैशांचं बोलताय, मला वेळेचं सांगायचंय. मारुतीला नेरूळ-सानपाडा-तुर्भे पट्ट्यात एका सर्व्हिस सेंटरने नीट केलं नाही तर दुसरीकडे जायची सोय होती. नवीन ब्रँडला माझ्या बाजूला एकच. त्यांना माहितीये की ही बाई कुठे जाणार नाही. शनिवारची अपॉइंटमेंट दोन आठवडे आधी घ्यावी लागते. मागचा बंपर एका रिक्षावाल्याने फोडला, कॅशलेस मंजूर झालं दोन दिवसांत, पण रंगवलेला बंपर आणि त्यातला पार्किंग सेन्सर यायला महिना गेला. इन्शुरन्सने बंपरचे पैसे दिले, महिनाभराच्या ओला-उबरचे कोण देणार? माझी आई डायलिसिसला जाते आठवड्यातून दोनदा, त्या महिन्यात किती धावपळ झाली ते माझं मला माहीत.

गाडी उत्तम आहे, मला आवडते, विकणार पण नाहीये. पण घरात दुसरी गाडी नसेल तर हा खर्च धरा. माझ्या मते ब्रँड निवडताना आधी सर्व्हिस सेंटर निवडायचं. शनिवारी सकाळी तिथे जाऊन अर्धा तास नुसतं बसा. कोण कसं बोलतंय, किती गाड्या पार्टसाठी उभ्या आहेत, बिल घेऊन किती जण काउंटरवर वाद घालतायत, सगळं कळतं.

अजून एक. जॉबकार्डवर सही करण्याआधी वाचा. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर एन्रिचमेंट असलं काय काय घुसवतात. पहिल्या सर्व्हिसला डिकार्बनायझिंग सांगतात, अरे गाडी नवीन आहे ना! मॅन्युअलचं शेड्यूलचं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलंय मी, अॅडव्हायझरला तेवढंच दाखवते आणि बाकी सगळं खोडायला लावते. बिल जवळजवळ निम्म्यावर येतं. मारुतीला पण हेच करतात हं, फक्त तिथे आकडे छोटे म्हणून कोणी बोलत नाही.

बाळकुमचा_बाळ्या

ताई, म्हणूनच म्हटलं ब्रेझा

वागळे_इस्टेट_पाना१०

ताईंचं एकदम बरोबर. बाहेरच्या गॅरेजचं म्हणाल तर पार्ट आणि स्कॅनर हा जुना वाद आहे. २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, कारण काय तर ओरिजिनल स्पेअर आणि रिपेअरची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. नंतर केस कोर्टात फिरत राहिली. पण त्या यादीत मारुती पण होती, स्कोडा आणि फोक्सवॅगन पण, टाटा-महिंद्रा पण. म्हणजे या बाबतीत कोणी साधू नाही. फरक एवढाच की मारुतीची गाडी इतकी विकली गेलीये की पार्ट अडवून अडवून किती अडवणार, बाजारच उभा राहिला.

वॉरंटीनंतर जर्मन गाडी बाहेर करायची तर त्या गाड्या रोज करणारं, स्वतःचा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा. ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत तसे, पण वॉरंटी संपायच्या आधी शोधून ठेवा. गाडी बंद पडल्यावर शोधायला निघालात की जो पहिला भेटेल त्याच्या हातात पडता.

मुलुंड_चेकनाका

रीसेलचं कोणी बोललंच नाही. भावा, ७-८ वर्षं ठेवणार असशील तर रीसेलचा फार विचार करू नकोस, तीन वर्षांत विकणाऱ्याला तो फटका मोठा. सात वर्षांनी मारुतीला थोडे जास्त मिळतील, पण तो फरक वर्षांवर वाटलास तर जीव जावा एवढा नाही.

ब्रँड बदलताना मला वेगळीच भीती वाटते, कंपनी देशातच राहील का. शेवरोलेने २०१७ च्या शेवटी इथे विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं, दोन्ही वेळा मित्रमंडळीत गाड्या होत्या. फोर्डवाले मित्र अजून चालवतायत, पार्ट येतात, पण ज्याला त्या वर्षी विकायची होती त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. स्कोडा-फोक्सवॅगनचं चाकण आणि संभाजीनगरला मोठं काम आहे, उद्या जातील असं मला तरी वाटत नाही, पण ज्या कंपनीच्या गाड्या महिन्याला मूठभर विकल्या जातात तिची गाडी दहा वर्षांसाठी घेताना दोनदा विचार करावा एवढंच.

बाय द वे, बायको सेफ्टीचं म्हणतेय ना, मग तो मुद्दा जर्मनच्या बाजूने जातो. स्लाव्हिया आणि व्हर्टसला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये ५ स्टार मिळाले, मोठे आणि मुलं दोन्हीला. २०२२ मध्ये त्याच संस्थेने तेव्हाच्या स्विफ्टला १ दिला होता. मारुतीने पण २०२४ च्या डिझायरला ५ आणले, त्यामुळे आता मारुती म्हणजे पत्रा असं सरसकट म्हणायचे दिवस गेले. पण मॉडेल बघून बोलायचं.

हिरानंदानी_मेडोज

घोडबंदरला राहून सेडान घेताय? पावसाळ्यात गायमुखचे खड्डे बघितलेत ना? 😂

सिरियसली सांगतो, टायरचा खर्च धरा. स्विफ्टला १८५/६५ आर१५, दुकानात कुठलाही ब्रँड, भावात घासाघीस. स्लाव्हियाला २०५/५५ आर१६. साइडवॉल छोटी, खड्ड्यात जोरात गेली की फुगा येतो, आणि फुगा आलेल्या टायरला वॉरंटी देत नाहीत, रोड डॅमेज म्हणतात. एक टायर बदलला की जोडीतला दुसरा पण बदलायचा आला. टायर प्रोटेक्ट अॅडऑन मिळतं इन्शुरन्समध्ये, तुमच्या रूटला घ्याच.

आणि इंजिन प्रोटेक्ट. वंदना टॉकीजचं पाणी दरवर्षी बातम्यांत येतं, विटाव्याचा सबवे पण भरतो आणि तुम्ही रोज तिथूनच जाता. पाण्यात गाडी बंद पडली की परत स्टार्ट मारायची नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर तेवढ्या एका सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. स्विफ्टचं इंजिन उघडलं तर माणूस कसंबसं झेपवतो, टर्बोवालं उघडलं तर बिल बघून बसायला खुर्ची लागते.

खारघर_हिशेबी

हे दोन्ही अॅडऑन मी विसरलोच होतो, बरोबर आहे. झिरो डेप पण पाहिजेच, त्याशिवाय क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबरच्या पार्टचे ५० टक्के आपल्या खिशातून जातात, आणि हल्ली गाडीचं पुढचं-मागचं अख्खं प्लास्टिकच असतं.

आता एक वेगळी गोष्ट सुचवतो. तू सेडानवरच अडलायस का? कारण इंजिन-गिअरबॉक्स आवडला असेल तर तोच १.० टीएसआय आणि तोच ६ स्पीड ऑटोमॅटिक स्कोडाच्याच छोट्या कायलॅकमध्ये आहे. ती ४ मीटरच्या आत, ३९९५ मिमी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या, त्यापेक्षा मोठ्या सगळ्या ४० मध्ये. स्लाव्हियाचं इंजिन १००० च्या आत आहे पण लांबी साडेचार मीटर, म्हणून ४०. ब्रेझा छोटी आहे पण इंजिन १४६२ सीसी, म्हणून ती पण ४० (बाळ्या ऐकतोयस ना). तर इंजिन तेच ठेवून जीएसटीत फरक, रोड टॅक्स कमी लागायची शक्यता, इन्शुरन्समध्ये आयडीव्ही कमी, आणि ग्राउंड क्लिअरन्स १८९ मिमी. भारत एनकॅपमध्ये ५ स्टार, म्हणजे घरचं हायकमांड पण खूश. डिकी आणि मागची सीट सेडानसारखी नाही, तेवढं मात्र सोडावं लागेल.

कासारवडवली_ते_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

कायलॅक बघितली नव्हती कारण डोक्यात सेडानच बसली होती. दापोलीला जाताना चार माणसं, आईबाबा मागे, आणि येताना आंब्याच्या पेट्या, त्यामुळे डिकीचं जरा टेन्शन आहे. तरी या शनिवारी बायकोला आणि आईबाबांना घेऊन जातो, मागे बसवूनच बघतो. १.५ डीएसजी यादीतून काढली.

नेरूळकर ताई, सर्व्हिस सेंटरला जाऊन बसायची आयडिया भारी आहे, नक्की करणार. मला घरापासून दोन सेंटर पडतात, एक ठाण्यात आणि एक ऑफिसच्या बाजूला, म्हणजे निदान तुमच्यासारखी एकावर अडकायची वेळ येणार नाही.

दोन प्रश्न राहिले. एक्स्टेंडेड वॉरंटी लगेच घेऊ की नंतर? आणि सर्व्हिस पॅकेज आगाऊ घेण्यात फायदा आहे का?

वागळे_इस्टेट_पाना१०

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्याच. ऑटोमॅटिक टर्बो गाडीला ती नाही घेतली आणि सातव्या वर्षापर्यंत ठेवली म्हणजे जुगार. साधी वॉरंटी चालू असेपर्यंतच घेता येते आणि उशीर केला तर किंमत वाढते. घेताना नुसती वर्षं बघू नका, टर्बो, गिअरबॉक्स, त्याचं कंट्रोल युनिट, एसी कॉम्प्रेसर, स्टिअरिंग हे सगळं आत आहे का ते कागदावर वाचा. काही प्लॅनमध्ये सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, क्लच हे बाहेर ठेवतात, ते चालतं, तेवढं कुठेही करता येतं. सर्व्हिस मात्र वेळेत आणि कंपनीतच करायची, एखादी चुकली तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतात.

नेरूळकर_ताई

सर्व्हिस पॅकेजबद्दल माझा अनुभव, फायदा आहे पण किती वर्षांचं घेताय ते बघा. पार्टचे आणि लेबरचे भाव दरवर्षी वाढतात, पॅकेजमध्ये ते आजच्या भावात अडकतात. पण वायपर, ब्रेक पॅड, अलाइनमेंट-बॅलन्सिंग बहुतेक वेळा त्यात नसतं. आणि दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या डीलरकडे ते चालतं का, हे लिहून घ्या. आमच्याकडे डीलरच बदलला मध्ये आणि नवीन माणूस म्हणतो हे पॅकेज आमच्या सिस्टिमला दिसत नाही. ईमेल जपून ठेवला होता म्हणून निभावलं.

मुलुंड_चेकनाका

कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस, अॅक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग असलं काही दिसलं तर काढायला लाव. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्या असं दडपण आणतील, बाहेरचं कोटेशन मोबाइलवर काढून समोर ठेव, बरोबर खाली येतात.

आणि गाडी डिसेंबर-जानेवारीत घेणार असशील तर पैसे भरायच्या आधी चासी नंबरवरून कुठल्या महिन्यात बनलीये ते बघ. मागच्या वर्षीची देत असतील तर डिस्काउंट तसा माग, कारण विकताना सगळे आरसीवरचं मॅन्युफॅक्चरिंगचं वर्षच बघतात.

बाळकुमचा_बाळ्या

स्विफ्ट कितीला देणार? माझ्या मेव्हण्याला शिकायला गाडी हवीये, डीएम कर

कासारवडवली_ते_ऐरोली

केला बघ डीएम. डावा मागचा दरवाजा थोडा घासलाय पार्किंगच्या खांबाला, बाकी क्लच प्लेट नवीन आहे, टायर अजून वर्षभर आरामात जातील. नंबर प्लेटची अपॉइंटमेंट घेतो आणि मग बघायला ये.